पावणेसातचा ‘आ’

ताई,

तुझ्या आवाजाची माझ्या मोबाइलमध्ये एकतीस रेकॉर्डिंग आहेत आणि त्यांत एकही शब्द नाही. सगळ्यांत नुसता ‘आ’. काल दुपारी तुझ्या घरी भिंतीला टेकून मी ती ओळीने ऐकली. पहिल्या ‘आ’ची सुरुवातच खरखरीत आहे, मध्येच हवा सुटल्यासारखी होते आणि सातव्या सेकंदाला तू थांबून खाकरतेस. विसाव्याच्या आसपास आवाज भरायला लागतो. शेवटच्यात तू अठरा सेकंद सरळ जातेस आणि थांबल्यावर हसतेस. ते हसणं पुरतं एका सेकंदाचंही नाही, पण मी ते चार वेळा मागे नेऊन ऐकलं. प्रज्ञा स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, मामा, बंद करा ना, आई दवाखान्यात बसल्यासारखी वाटते.

मी बंद केलं. तुझ्या लेकीला सध्या तुझा आवाज सहन होत नाही आणि मला तो ऐकल्याशिवाय राहवत नाही. तू गेल्यानंतरचं पुण्यानुमोदन उद्या आहे. शाळेतले येतील, विहारातले येतील, तू किती वर्षं शिकवलंस आणि किती जणांना शाळेची वाट दाखवलीस ते सगळे सांगतील. ते त्यांनाच सांगू दे. मला तुझ्याशी तुझ्या गळ्याबद्दल बोलायचं आहे. आपलं ते बोलणं अर्धवट राहिलं आणि त्यात तू एक लबाडी केलीस, ती मला परवा कळली.

तू सगळ्यांना माझी ओळख करून द्यायचीस, ‘आमचा मिलिंद वागळे इस्टेटला रबराच्या चकत्या उजेडात धरून बघतो.’ चेष्टा होती, पण खोटं काही नव्हतं. सव्वीस वर्षं मी रबरी सील तपासतोय. दोन पत्र्यांच्या मध्ये बसून हवा किंवा तेल अडवणारी काळी रिंग, एवढंच ते. साच्यातून निघताना तिच्या कडेला बारीकसा कण जरी चिकटून राहिला तरी कड नीट बसत नाही आणि हवा निसटते. ते मला बोट फिरवून कळतं. म्हणूनच तुझा बसलेला आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मनात आलं, हिची कुठेतरी कड मिटत नाहीये. गळ्यात आत काय असतं ते तेव्हा मला काही माहीत नव्हतं.

तुझा आवाज बसलाय हे कळलं तो फोनही मी केलेला नव्हता, तुझ्या नवऱ्याने केला होता. आपण तेव्हा एकमेकांना फोन करायचो तो जयंतीला, नाहीतर कुणी आजारी पडलं की. भांडण वगैरे काही नव्हतं आणि ठाणे-ठाकुर्ली काही लांब नाही. पण फोन हातात घेतला की मनात यायचं, काय म्हणून करायचा, आणि काही सुचलं नाही की राहून जायचं. दाजी म्हणाले, हिचा आवाज पाच महिने बसलाय आणि काल पौर्णिमेला विहारात वंदना दुसऱ्या बाईंनी घेतली. तू मागच्या रांगेत बसून नुसते ओठ हलवत होतीस म्हणे. ते ऐकून मी हातातलं सील खाली ठेवलं. लहानपणी खडवलीला आत्याकडे गेलो की तू नदीच्या पलीकडच्या काठावरून मला जेवायला हाक मारायचीस आणि ती मला पाण्यात डोकं असतानाही ऐकू यायची. अशी हाक मारणाऱ्या बाईने नुसते ओठ हलवावेत हे मला पटेना.

त्या पाच महिन्यांत तू ज्येष्ठमध चघळलंस, हळदीचं दूध प्यायलीस, मिठाच्या गुळण्या केल्यास, आणि गल्लीतल्या प्रत्येक बाईने सांगितलेलं काहीतरी मधात कालवून खाल्लंस. फक्त शाळेत ओरडणं थांबवलं नाहीस. थांबवणार तरी कशी? तुमच्या त्या हॉलमध्ये दोन वर्ग भरायचे आणि मध्ये भिंत म्हणून चार लोखंडी कपाटं. पलीकडच्या बाई पाढे घ्यायला लागल्या की तू कवितेचा आवाज वाढवायचीस, मग त्या पाढ्यांचा वाढवायच्या. डबा मात्र दोघी एकत्र खायच्यात. त्यांचाही गळा बसलेला होता, पण त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

डोंबिवलीच्या दवाखान्यात तुला घेऊन गेलो तेव्हा रिक्षात मी एक शब्द बोललो नाही. माझा खाडा झाला म्हणून मी फुगलोय असं तुला वाटलं. मला बाबा दिसत होते. त्यांचाही आवाज असाच बसला होता. तू तेव्हा सासरी होतीस, घरात मीच मोठा. आई म्हणत होती की मोठ्या हॉस्पिटलात दाखवू आणि मी म्हणालो, बीडीचा खोकला आहे, पावसाळा संपला की जाईल. पावसाळा संपला तेव्हा गाठ फार पुढे गेली होती, आणि ती वाईटच होती. हे मी तुला कधी सांगितलं नाही, ताई. इतकी वर्षं मला भीती वाटायची की तू एक दिवस विचारशील, तेव्हा दाखवायला नेलं का नाहीस. तू विचारलं नाहीस.

डॉक्टरबाई तुझ्या एखाद्या जुन्या विद्यार्थिनीच्या वयाच्या होत्या. त्यांनी नाकातून बारीक नळी आत सरकवली आणि तुला ‘ई’ म्हणायला सांगितलं. तुझे डोळे पाण्याने भरले होते, म्हणून तुला नीट दिसलं नसेल. मी सगळं पाहिलं. पडद्यावर दोन पांढऱ्या पट्ट्या होत्या, पुढे जुळलेल्या, मागे उघडणाऱ्या. श्वास घेतलास की उघडायच्या, ‘ई’ म्हटलंस की मिटायच्या. दोन्हींच्या कडेवर, बरोबर समोरासमोर, एकेक बारीक उंचवटा होता. मिटताना ते दोन उंचवटे आधी टेकायचे आणि त्यांच्या पुढे-मागे फट राहायची. माझा अंदाज बरोबर होता. मी घाबरलो होतोच, पण त्या क्षणी भीतीपेक्षा नवल जास्त वाटलं, हे मी तुला आज कबूल करतो. नखाएवढ्या लांबीच्या त्या पट्ट्या बोलताना एका सेकंदात दोनशेच्या आसपास वेळा एकमेकींवर आपटतात, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. आमचं कुठलंही रबर त्यात आठवडाभरही टिकलं नसतं, आणि तू त्याच्यावर तीस वर्षं शाळा चालवलीस.

नळी बाहेर आली. मला तो शब्द उच्चारता येईना. मी म्हणालो, गाठ आहे म्हणजे तसलं काही? डॉक्टरबाई म्हणाल्या, नाही, आणि मग मला हात पुढे करायला सांगितलं. माझ्या अंगठ्यावर घट्टा आहे, ब्लेडने रबराची कड साफ करून पडलेला. त्या म्हणाल्या, “याला तुम्ही आजार म्हणता का? ताईंच्या गळ्याला तेच झालंय. वापरून वापरून पडलेले घट्टे आहेत.” तू इतका वेळ माझा हात बघत होतीस. मग स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवलंस आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा, आवाज न काढता, हसलीस.

मला मात्र एवढ्यावर भागेना. मी विचारत गेलो आणि त्या बिचाऱ्या कागदाच्या पाठीवर चित्रं काढत गेल्या. अशा निरुपद्रवी गाठी किती तऱ्हेच्या असतात ते मला तेव्हा कळलं. एक असते मऊ, फोडासारखी, बहुतेक वेळा एकाच बाजूला. कधीकधी ती एकदा जोरात ओरडल्यानेही येते. एक असते पट्टीच्या कातडीखाली, पाण्याच्या पिशवीसारखी. एक विषाणूमुळे येते, चामखिळीसारखी, आणि ती काढली तरी परत परत उगवते. एक पार मागच्या टोकाला होते, पित्त वर येऊन, किंवा ऑपरेशनच्या वेळी श्वासाची नळी घातली होती म्हणून. यातली एकही कॅन्सर नव्हे. पण बाहेरून ऐकणाऱ्याला सगळ्यांचा आवाज सारखाच, बसलेला, आणि वाईट गाठीचाही तसाच. म्हणून आवाज तीनेक आठवड्यांत सुटला नाही तर कुणीतरी आत डोकावून बघायलाच हवं. तुम्ही पाच महिने थांबलात, असं त्या तुझ्याकडे बघून म्हणाल्या आणि मान मी खाली घातली.

मी म्हणालो, मग कापून टाका. त्या म्हणाल्या, फोडासारखी किंवा पिशवीसारखी असती तर बहुधा ऑपरेशनच सुचवलं असतं. हे घट्टे मात्र बोलण्याची सवय बदलली की बहुतेक वेळा आपोआप विरतात. मला ते वेळकाढूपणाचं वाटलं. बाहेर रिक्षास्टँडवर मी तुला म्हणालो, “मला सीलवर कण दिसला तर मी दोन मिनिटांत काढतो, ताई. वाट बघत नाही बसत.”

तू त्या फाटक्या आवाजात म्हणालीस, “माझा गळा म्हणजे तुझं सील आहे का रे? आणि कण काढलास, पण साचा तोच ठेवलास, तर पुढच्या सीलवर परत येणार नाही?”

माझ्याच धंद्यातला प्रश्न विचारलास. तरी मला पटलं नव्हतं. भांडण तिथून सुरू झालं.

आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्या दिवशी तुला आधी ‘स्स्स’ धरायला लावलं, मग ‘झ्झ्झ’. ‘स’ चौदा सेकंद टिकला आणि ‘झ’ जेमतेम आठ. ‘स’ला त्या पट्ट्या लागत नाहीत, नुसती हवा पुरते, ‘झ’ला त्या मिटाव्या लागतात. दोन्हींतला फरक म्हणजे गळती. यंत्र नाही, मीटर नाही, दोन अक्षरांत गळती मोजली. मला इतका आनंद झाला की परत येताना मी रिक्षात तेच करत बसलो आणि रिक्षावाल्याने गाडी बाजूला घेऊन टायर तपासला. तू तोंडावर पदर धरून हसत होतीस, कारण जोरात हसायला बंदी होती.

बंदी तशी बऱ्याच गोष्टींना होती. खाकरायचं नाही, ओरडायचं नाही, पाणी घोटघोट पीत राहायचं, आणि कुजबुजायचं तर मुळीच नाही. यावर तू दचकलीस. गळ्याला आराम म्हणून महिनाभर तू घरात नुसती कुजबुजत होतीस आणि दाजी, प्रज्ञा, शेजारच्या बाया, सगळे तुझ्याशी कुजबुजूनच बोलत होते. सगळं घर आजारी माणसाच्या खोलीसारखं झालं होतं. कुजबुजताना गळ्यावर ताण येतो हे आपल्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

मग स्टीलच्या ग्लासात पाणी, त्यात स्ट्रॉ, आणि स्ट्रॉमधून आवाज काढत बुडबुडे. ते तू वर्गात करून दाखवलंस आणि आठवडाभरात पोरांच्या पाण्याच्या बाटल्यांना स्ट्रॉ आले. ओरडण्याऐवजी टेबलावर सायकलची घंटी बसवलीस. पलीकडच्या बाईंनी आधी तक्रार केली, मग महिनाभरात कपाटांच्या पलीकडूनही घंटी ऐकू यायला लागली. साचा बदलणं म्हणजे काय ते मी तुझ्या शाळेत येऊन बघितलं, पण तसं तुला म्हणालो नाही. म्हणायला हवं होतं. तू बरोबर होतीस, ताई.

आणि ‘आ’. एका श्वासात किती वेळ धरता येतो ते रोज मोजायचं, पण घड्याळ दुसऱ्याच्या हातात हवं, नाहीतर माणूस आकड्यासाठी जोर लावतो. घरात दाजी होते, प्रज्ञा होती. तू माझं नाव सांगितलंस. तपासायचं काम त्याचंच आहे, म्हणालीस. मग रोज पावणेसातला, मी कामाला निघायच्या आधी, तुझा फोन. मी उचलायचा, हॅलोसुद्धा नाही, तू लगेच ‘आ’. मी सेकंद सांगायचे. पहिले सात महिने आठवड्यातून एकदा रेकॉर्ड करून त्या बाईंना पाठवायचं. सात, नऊ, अकरा, बारा, सर्दी झाली तेव्हा परत नऊ, मग चौदा. आणि ‘आ’ संपला की तू बोलायला लागायचीस. आधी दोन मिनिटं, पुढे वीस. डब्याला काय दिलं, कुठल्या पोराने पाढा न चुकता म्हटला, आई असती तर काय म्हणाली असती. आपण आईबद्दल त्याआधी कधी बोललोच नव्हतो. माझी बायको म्हणायची, बहिणीचा आ संपला की सांगा, मग चहा गरम करते.

सात महिन्यांनी एका पौर्णिमेला तू परत वंदना घेतलीस. मी मुद्दाम आलेलो. आवाज पूर्वीपेक्षा थोडा खाली उतरला होता. सगळे डोळे मिटून बसले होते आणि मी मागे बसून हवा कुठे सुटते का ते ऐकत होतो. कुठेच सुटली नाही. नंतर तू विचारलंस, कसा होता? मी म्हणालो, पास. त्यापेक्षा जास्त काहीतरी म्हणायचं होतं, ते तू ओळखलंस आणि दुसऱ्यांशी बोलायला लागलीस.

तरी मला आतलं बघायचं होतं. नुसत्या आवाजावर मी बाबांच्या वेळी फसलो होतो. दुसऱ्यांदा नळी घालून घे, असं मी तुझ्यामागे लागलो. एक दिवस तू म्हणालीस, “जाऊन आले अरे. काही नाही उरलं, साफ आहे. सराव तेवढा चालू ठेवायला सांगितलाय.”

मी म्हणालो, “फोटो देतात ना? दाखव.”

“हरवला.”

लग्नाआधीचे रेशनकार्डचे कागद जपून ठेवणारी तू, आणि तुझा फोटो हरवला. मी दर आठवड्याला विचारायचो आणि तू विषय बदलायचीस. विश्वास नाही का, म्हणायचीस. मी म्हणायचो, विश्वास आहे, कागद दाखव. गाठ अजून आहे आणि ही लपवतेय, असंच मला वाटत राहिलं. एकदा तर चिडून मी दोन दिवस फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी उचलला तेव्हा तू काही न बोलता ‘आ’ केलास आणि मी काही न बोलता मोजला. ते दोन दिवस आज मला परत हवे आहेत.

शेवटी तुझ्या गळ्याने काही केलं नाही. छातीत दुखलं आणि तासाभरात सगळं आटोपलं. त्या दिवशीही पावणेसातला फोन आला होता. सोळा सेकंद.

परवा कार्यक्रमासाठी तुझा चांगला फोटो शोधताना प्रज्ञाने तुझी प्लास्टिकची फाइल माझ्या हातात दिली. दहावीच्या निकालाच्या मागे, नीट घडी घातलेला, तो कागद होता. त्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी. डावीकडे ते समोरासमोरचे उंचवटे. उजवीकडे काहीच नाही. मी तो खिडकीपाशी नेला आणि कामावर बघतो तसा उजेडात धरून दोन्ही कडा पुढून मागे तपासल्या. इतकी स्वच्छ कड मी आयुष्यात पाहिलेली नाही, ताई. खाली डॉक्टरबाईंनी इंग्रजीत काही लिहिलं होतं, ते मी प्रज्ञाला वाचायला दिलं. तिने वाचलं की गाठी पूर्ण गेल्या आहेत, रोजचा सराव आता बंद केला तरी चालेल. मग ती तारखेकडे बघत राहिली. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यातली तारीख होती.

“मामा, व्यायाम तर तेव्हाच बंद झालेले,” ती म्हणाली. “मग आई रोज सकाळी तुम्हाला...”

मला आधी तुझा राग आला, खोटं कशाला सांगू. वर्षभर मी घाबरत राहिलो, तुझ्याशी भांडलो, आणि कागद तुझ्या कपाटात पडलेला. तो दाखवला असतास तर मी नाचलो असतो. पण दाखवला असतास तर खालची ओळही मी कुणाकडून तरी वाचून घेतली असती, म्हणालो असतो, चला, झालं काम, आणि दुसऱ्या दिवशीपासून पावणेसातला फोन वाजला नसता. तू माझी मोठी बहीण. मला फोन करायला कारण लागतं हे तुला माझ्या आधीपासून माहीत होतं. तू ते कारण जपून ठेवलंस आणि त्यापायी माझी बोलणी खाल्लीस.

काल दिवसभर मी तुझ्यावर रागवायचा प्रयत्न करून बघितला. जमलं नाही. बाबांची ती गोष्ट मला तुला सांगायची होती आणि माझ्याकडे त्या वर्षभरातली रोजची वीस मिनिटं होती. तेवढ्या वेळात मी तुला रबराच्या नव्या साच्यांबद्दल सांगितलं.

आज सकाळी पावणेसातला मी तयार होऊन दारात उभा होतो. हातात फोन. काय म्हणून करायचा, हे नेहमीसारखं मनात आलंच. मग मी प्रज्ञाचा नंबर लावला. तिने पहिल्या रिंगला उचलला आणि घाबरून विचारलं, “काय झालं मामा? काही काम होतं का?”

“नाही गं. असाच केला.”

ती म्हणाली की दाजींनी सकाळी चहा घेतला, उद्या वंदना घ्यायला तिला सांगितलंय आणि तिला भीती वाटतेय, तुझा स्टीलचा ग्लास स्ट्रॉसकट अजून मांडणीवरच आहे, तो उचलावा की नको ते तिला कळत नाहीये. मी म्हणालो, राहू दे. ती बोलत राहिली, मीही बोललो. आपल्या बाबांच्या त्या पावसाळ्याचंही तिला सांगितलं.

किती वेळ बोललो ते मी बघितलं नाही, ताई.